पत्रक कोणी धाडले?



अशी कल्पना करा की मतदानाला चारच दिवस उरले आहेत. टपालवाला तुमच्या ओसरीवर एक जाडसर, गुळगुळीत, रंगीत पत्रक टाकून जातो. त्यावर तुमच्याच भागातल्या एका उमेदवाराचे छायाचित्र आहे. ते मुद्दाम असे निवडलेले की पाहताच माणूस लबाड वाटावा. खाली ठळक अक्षरांत त्याच्यावर दोन-तीन भयंकर आरोप आहेत. तुम्ही त्याला ओळखता. तो असा नाही असे मनातून वाटते. पण छापलेल्या अक्षराचा आपल्या मनावर एक दाब असतो, नाही का? मग आपण पत्रकाच्या तळाशी पाहतो. तिथे एका संस्थेचे नाव आहे. नाव मोठे साजूक, परंपरेचे, स्वातंत्र्याचे. पण ही संस्था कोणाची, तिचा अध्यक्ष कोण, छपाईला पैसे कोणी मोजले, याचा पत्ता नाही. त्या उमेदवाराला उत्तर द्यायचे आहे, पण द्यायचे कोणाला? आणि चार दिवसांत?

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात हे प्रत्यक्ष घडले आणि पुन्हा पुन्हा घडले. किंबर्ली रीड या त्याच राज्यात वाढलेल्या दिग्दर्शिकेने २०१८ साली त्यावर एक अनुबोधपट काढला. त्याचे नाव ‘डार्क मनी’, म्हणजे अंधारातला पैसा. आज मी तुमच्याशी बोलणार आहे तो या बोलपटाविषयी, आणि त्याहून अधिक त्याच्या विषयाविषयी.

पहिल्यानेच एक घोटाळा दूर केलेला बरा. अंधारातला पैसा म्हणजे आपण ज्याला काळा पैसा म्हणतो तो नव्हे. काळा पैसा कर चुकवलेला असतो. अंधारातला पैसा हिशेबाने अगदी पांढरा असू शकतो, बँकेतून धनादेशाने आलेला. फक्त तो कोणाच्या खिशातून निघाला हे मतदाराला कळत नाही. अमेरिकेत लोककल्याणाच्या नावाने नोंदलेल्या काही संस्था असतात. देणगीदारांची नावे जाहीर करण्याचे बंधन त्यांच्यावर नसते. एखाद्या कंपनीने अशा संस्थेला पैसे द्यावेत, संस्थेने पत्रके छापावीत, पत्रकावर नाव संस्थेचे. कंपनी पडद्याआड. व्यवहार इतका सोपा आहे.

आता मोंटानाच का? हे राज्य क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्रापेक्षा मोठे आहे, पण तिथे माणसे किती? २०२० च्या शिरगणतीत अकरा लाखांच्या आत. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहराएवढी वस्ती आणि ती डोंगर-माळांवर विखुरलेली. तिथले विधिमंडळ दर दोन वर्षांतून एकदा भरते, नव्वद दिवस चालते आणि उठते. सभासद म्हणजे गुरे पाळणारे, शेती करणारे, शिक्षक, वकील, दुकानदार. खालच्या सभागृहाचा एक मतदारसंघ म्हणजे सुमारे दहा-अकरा हजार लोकांचा. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढा! उमेदवार घरोघरी जाऊन दार ठोठावतो, लोक त्याला नावाने ओळखतात. पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी जे मतदान होते त्यात, कधी कधी शे-दोनशे मतांनी निकाल फिरतो. अशा ठिकाणी बाहेरून आलेले काही हजार डॉलरसुद्धा पारडे झुकवतात. थोड्या पैशात पुष्कळ काम होते. म्हणून तर बाहेरच्यांचे लक्ष तिथे गेले.

पण दुसरेही कारण आहे, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. मोंटानाच्या लोकांना हा रोग जुना ठाऊक होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगात विजेची तार पसरू लागली. तारेला तांबे लागते. मोंटानातल्या ब्यूट गावच्या टेकडीत अपार तांबे निघाले. त्यातून तिथे तांबेसम्राट उदयाला आले. त्यातला एक विल्यम क्लार्क. याला अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहात, सेनेटमध्ये, बसण्याची हौस होती. त्या काळी सेनेटरची निवड थेट जनता करीत नसे, राज्याचे विधिमंडळ करी. तेव्हा साऱ्या जनतेची समजूत घालण्यापेक्षा विधिमंडळातल्या थोड्या सभासदांची समजूत घालणे सोपे! १८९९ च्या जानेवारीत फ्रेड व्हाइटसाइड नावाच्या एका सभासदाने भर विधिमंडळात पाकिटे दाखवली. त्यांत तीस हजार डॉलर होते. हे क्लार्कच्या माणसांनी मते विकत घेण्यासाठी वाटलेले पैसे, असा त्याचा आरोप होता. एवढे होऊनही त्याच महिन्यात क्लार्क निवडून आला! पुढे सेनेटच्या समितीने चौकशी केली, निवड रद्द ठरवण्याची शिफारस केली, तेव्हा १९०० च्या मे महिन्यात त्याने राजीनामा दिला. पण गंमत पाहा. मोंटानाचे गव्हर्नर त्या वेळी राज्याबाहेर गेले होते. त्यांच्या जागी काम पाहणारे दुय्यम गव्हर्नर क्लार्कचे मित्र. त्यांनी रिकाम्या झालेल्या जागेवर लगोलग क्लार्कचीच नेमणूक करून टाकली! गव्हर्नर परतल्यावर त्यांनी ती मोडून काढली. आणि तरीही १९०१ साली हा गृहस्थ सेनेटमध्ये जाऊन बसलाच.

क्लार्क हा निदान उघड माणूस होता. त्याच्यानंतर आली ती नुसती ‘कंपनी’. अनाकोंडा कंपनीला मोंटानात कोणी पूर्ण नावाने ओळखतच नसे. ‘कंपनी’ म्हटले की पुरे. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यायालयाचा एक निकाल विरुद्ध गेला म्हणून कंपनीने राज्यातल्या आपल्या खाणी आणि भट्ट्या बंद केल्या. पंधरा हजारांच्या आसपास कामगार घरी बसले, तोंडावर हिवाळा. कंपनीची मागणी एवढीच की खटला एका न्यायाधीशाकडून काढून दुसऱ्याकडे नेता येईल असा कायदा करा. गव्हर्नरने विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले. कायदा झाला. खाणी सुरू झाल्या. पुढे राज्यातली बहुतेक मोठी वर्तमानपत्रेही कंपनीच्या मालकीची झाली. ती तिने विकली थेट १९५९ साली.

या साऱ्याला विटून १९१२ साली मोंटानाच्या मतदारांनी, विधिमंडळाने नव्हे बरं का, स्वतः मतदारांनी सार्वमताने कायदा केला की कंपन्यांनी निवडणुकीत पैसा घालू नये. हा कायदा जवळजवळ शंभर वर्षे टिकला. ब्यूटची ती खाण मात्र अजून तशीच आहे. १९५५ मध्ये तिथे उघडी खाण खणायला लागले, १९८२ मध्ये काम थांबले आणि पाणी उपसणारे पंपही थांबले. आज तो प्रचंड खड्डा आम्लाने भरलेल्या तांबूस पाण्याचे तळे झाला आहे. १९९५ साली स्थलांतर करणारे हिमहंस त्यावर उतरले आणि तीनशेबेचाळीस पक्षी मेले. २०१६ मध्ये तर हजारोंनी मेले. कंपनी गेली, मालक गेले, पाणी राहिले. कंपन्यांच्या पैशाविषयी मोंटानाचा माणूस इतका हळवा का, याचे उत्तर मला त्या तळ्यात सापडते.

१९१२ चा हा कायदा पडला कसा? त्याचीही कथा एका चित्रपटातूनच सुरू होते. ‘सिटिझन्स युनायटेड’ नावाच्या एका संस्थेने २००८ च्या निवडणुकीच्या वेळी हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा बोलपट काढला. तो दाखवायला निवडणूक कायद्याची आडकाठी आली. संस्था न्यायालयात गेली. २१ जानेवारी २०१० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला: कंपन्यांनी उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर खर्च केला तर सरकार तो रोखू शकत नाही, तो भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे. या निर्णयातली एक गोष्ट मात्र पुष्कळदा विसरली जाते. खर्च कोणाचा हे जाहीर करायला लावणे योग्य आहे, असे त्याच न्यायालयाने नऊपैकी आठ मतांनी म्हटले होते. म्हणजे बोलायला मोकळीक, पण नाव सांगून. अंधार न्यायालयाने निर्माण केला नाही. संस्थांच्या नोंदणीतल्या फटीतून तो आला आणि ती फट बुजवायची कोणाला घाई नव्हती.

मोंटानात ‘वेस्टर्न ट्रॅडिशन पार्टनरशिप’ नावाची एक संस्था होती. तिने १९१२ च्या कायद्याला आव्हान दिले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या डिसेंबरात ते फेटाळले. आमच्या राज्याचा इतिहासच या कायद्याची गरज सिद्ध करतो, असा त्यांचा सूर होता. पण २५ जून २०१२ रोजी वॉशिंग्टनच्या न्यायालयाने, तोंडी सुनावणीसुद्धा न घेता, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनी तो निर्णय उलटवला. एका शतकाची तटबंदी अशी दोन परिच्छेदांत पडली.

या संस्थेने देणगीदारांना दिलेले आश्वासन पुढे उघडकीस आले. तुम्ही पैसे द्या, तुमचे नाव कोणाला कधीच कळणार नाही, असा त्याचा आशय होता. हीच तर विक्रीची वस्तू होती! आणि ती उघडकीस आली कशी ते ऐका. कोलोरॅडो राज्यात मादक पदार्थांचा अड्डा असलेल्या एका घरात कागदांची काही खोकी सापडली. ती ज्याच्या हाती लागली तो स्वतः शिक्षा भोगलेला माणूस. त्याने कागद चाळले आणि ती खोकी मोंटानाच्या अधिकाऱ्यांकडे पोचती झाली. आत उमेदवारांच्या नावाच्या फायली, बँकेचे कागद, पत्रांचे मसुदे. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिले असते तर आपण म्हटले असते, जरा अतीच होते.

खोकी आली, पण वाचायची कोणी? इथे बोलपटात दोन माणसे पुढे येतात. एक जॉन ॲडम्स, राजधानी हेलेनाचा वार्ताहर. २०१५ च्या सुमारास तिथल्या वर्तमानपत्रांनी खर्च कमी करायचा म्हणून राजधानीतली कचेरी आवरती घेतली. ॲडम्सची नोकरी गेली. तो कागदपत्रांचा पिच्छा सोडीना. २०१६ साली त्याने स्वतःचे एक छोटे वृत्तकेंद्र काढले. दुसरे जोनाथन मोटल, राज्याचे निवडणूक-व्यवहार आयुक्त. कचेरी लहान, हाताशी मूठभर माणसे. त्यांनी तक्रारी एकेक करून तपासल्या.

आता कायद्याचा जो नाजूक धागा आहे तो लक्षात घ्या, कारण सारा खटला त्यावर उभा राहिला. कंपनीने स्वतंत्रपणे खर्च केला तर तो आता कायदेशीर झाला होता. पण उमेदवाराशी संगनमत करून त्याच्यासाठी खर्च केला, तर ती त्याला दिलेली देणगीच ठरते आणि कंपनीची थेट देणगी मोंटानात अजूनही निषिद्ध आहे. देणगी काही रोखच असावी लागत नाही. कोणी तुमची पत्रे लिहून दिली, छापून दिली, पत्ते घातले, टपालात टाकली, तर पैसे हातात न पडताही पैसे मिळालेच. आपल्याकडे नाही का, उमेदवाराच्या सभेचा मांडव कोणी ‘प्रेमाने’ घालून देतो!

विधिमंडळातले एक वजनदार सभासद आर्ट विटिक यांच्यावर असाच आरोप होता. २०१० च्या पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी अशा संस्थांची सेवा घेतली आणि हिशेबात दाखवली नाही, असा. ते स्वतः वकील; हे सारे राजकीय वैर आहे असे त्यांचे म्हणणे. २०१६ च्या वसंतात हेलेनाच्या न्यायालयात हा खटला ज्यूरीपुढे, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांपुढे, चालला. बोलपटाचा मोठा भाग या न्यायालयात घडतो. तिथे नाट्यमय असे फारसे काही नाही. पत्रे पडद्यावर दाखवतात, सह्या जुळवतात, छपाईला किती पडले असते याचा हिशेब मांडतात. काही प्रेक्षकांना हा भाग रेंगाळलेला वाटेल. मला तोच सर्वांत आवडला. लोकशाहीचे बरेचसे रक्षण असेच, चष्मा लावून बिले तपासण्यातून होत असते. पंचांनी विटिक यांना दोषी ठरवले, अडुसष्ट हजार दोनशे बत्तीस डॉलर दंड झाला, जूनमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत ते हरले, आणि २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर गैरसमज व्हायचा. ही एका पक्षाने दुसऱ्या पक्षावर केलेल्या कुरघोडीची कथा नाही. विटिक रिपब्लिकन पक्षाचे. पण त्या पत्रकांनी ज्यांना घायाळ केले तेही बहुतेक रिपब्लिकनच, आपल्या बुद्धीने मत देणारे. आणि २०१५ मध्ये देणगीदारांची नावे जाहीर करायला लावणारे विधेयक विधिमंडळात मांडले ते डुएन अँकनी या रिपब्लिकन सभासदानेच. हे गृहस्थ कोळशाच्या खाणीत काम केलेले. त्यांच्या पक्षातल्या काहींनी आणि डेमोक्रॅटिक सभासदांनी मिळून ते मंजूर केले आणि गव्हर्नर स्टीव्ह बुलक यांनी त्यावर सही केली.

बोलपटात उणे आहे ते एका ठिकाणी. नाव लपवण्याच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे आहे, ते दिग्दर्शिकेने पुरते ऐकून घेतलेले नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनाचे प्रसिद्ध लेख १७८७-८८ मध्ये टोपणनावानेच निघाले. अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या एका संघटनेकडे सभासदांची यादी मागितली, तेव्हा १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती देण्याची सक्ती करू नये असे ठरवले. नावे उघड झाली असती तर त्या माणसांवर काय ओढवले असते ते न्यायालयाला दिसत होते. दूर कशाला, आपले गोपाळ हरी देशमुख घ्या. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात त्यांनी शतपत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. सरकारी नोकर असलेल्या माणसाला समाजाचे दोष काढायचे तर दुसरा मार्ग कोणता होता? तेव्हा निनावीपणा मुळातच वाईट, असे म्हणता येणार नाही. पण दुबळ्याने बलिष्ठापासून नाव झाकणे निराळे आणि बलिष्ठाने दुबळ्या मतदारापासून नाव झाकणे निराळे. शिवाय ‘प्रभाकर’चा संपादक कोण हे साऱ्यांना ठाऊक होते. उत्तर द्यायचे असेल तर भाऊ महाजनांचा दरवाजा उघडा होता.

हा प्रश्न आपल्या घरापासून लांबचा नाही. मुंबईत तो १९५७ सालीच उभा राहिला होता. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करायचा होता, आणि एका भागधारकाने त्याला हरकत घेतली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छगला यांनी कायद्यात मनाई नाही म्हणून परवानगी दिली. पण देताना बजावले की हा धोका वाढत जाऊन एके दिवशी लोकशाहीचा गळा घोटू शकेल. संसदेने इकडे लक्ष द्यावे. पुढे १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली, १९८५ मध्ये मर्यादा घालून ती उठली. २०१७ मध्ये नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढली गेली आणि २०१८ च्या जानेवारीत निवडणूक रोखे आले. एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे रोखे स्टेट बँकेतून घ्यायचे, पक्षाला द्यायचे, पक्षाने पंधरा दिवसांत वटवायचे. कोणी कोणाला दिले हे मतदाराला कळण्याची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला माहितीचा हक्क आहे, हा त्यातला गाभा. मार्च महिन्यात निवडणूक आयोगाने नावांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आणि गावोगावच्या वाचनालयांत बसलेल्या माणसालाही त्या वाचता आल्या. मोंटानातले आणि आपले प्रकरण एकच आहे असे मात्र समजू नका. तिथे पैसा पक्षाला वगळून थेट मतदाराच्या दारी पत्रक होऊन येत होता. इथे तो पक्षाच्या खात्यात जात होता.

पत्रकाच्या बाबतीत आपला कायदा जुना आहे, आणि शिक्षक मंडळींनी नागरिकशास्त्राच्या तासाला तो मुलांना जरूर दाखवावा. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२७ अ, १९६१ साली घातलेले. लोकसभेच्या वा विधानसभेच्या निवडणुकीसाठी छापलेल्या प्रत्येक पत्रकावर आणि भित्तिपत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व पत्ता असलाच पाहिजे. प्रकाशकाने आपण कोण हे लिहून द्यायचे, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि मुद्रकाने तो कागद छापील प्रतीसह अधिकाऱ्याकडे पाठवायचा. राजधानीत छापले तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे, जिल्ह्यात छापले तर जिल्हाधिकाऱ्याकडे. मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ही नावे बहुधा पत्रकाच्या अगदी तळाशी, उभ्या कडेला, बारीक अक्षरांत असतात. कागद आडवा धरावा लागतो.